मेनिंजिओमाची ग्रेड कशी ठरते? रिपोर्टमधल्या प्रथिनांना विचारलेले प्रश्न

मेंदूच्या आवरणाची गाठ काढण्याचं ऑपरेशन होऊन काही दिवस उलटले की हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात येतो. वरच्या भागात तुकड्यांचं माप, रंग, पोत. घरच्यांची नजर मात्र थेट खाली जाते. तिथे लिहिलेलं असतं: मेनिंजिओमा, डब्ल्यूएचओ ग्रेड २. त्याखाली अक्षरांची आणि आकड्यांची रांग. ईएमए पॉझिटिव्ह, एसएसटीआर२ए पॉझिटिव्ह, पीआर निगेटिव्ह, केआय-६७ नऊ टक्के, एच३के२७एमई३ रिटेन्ड. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर उपचारांचं सांगतात, पण या ओळी एकेक करून समजावून सांगायला त्यांच्याकडे क्वचितच वेळ असतो. मग घरी येऊन मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कॅन्सर आहे का? ‘निगेटिव्ह’ आलं म्हणजे बरंच झालं ना? नऊ टक्के म्हणजे नऊ टक्केच गाठ वाईट आहे का?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. ही गल्लत होते, कारण प्रत्येक ओळ हा एक स्वतंत्र निकाल आहे असं वाटतं. प्रत्यक्षात पॅथॉलॉजिस्टने प्रत्येक प्रथिनाला वेगवेगळा प्रश्न विचारलेला असतो. एकाला विचारलेलं असतं की ही गाठ नक्की कोणाची, दुसऱ्याला विचारलेलं असतं की ती किती वेगाने वाढतेय, तिसऱ्याला विचारलेलं असतं की पेशीतलं काही महत्त्वाचं हरवलंय का. प्रश्न कळल्याशिवाय उत्तर वाचण्यात अर्थ नाही.

आधी गाठीविषयी थोडं. मेंदूवर तीन आवरणं असतात: बाहेरचं जाड ड्युरा, मधलं पातळ अरॅक्नॉइड आणि मेंदूला चिकटलेलं पाया मॅटर. मेनिंजिओमा उगवतो अरॅक्नॉइडमधल्या पेशींपासून. म्हणजे ही मेंदूच्या पेशींची गाठ नव्हे. ती आवरणाची गाठ आहे आणि बहुतेक वेळा मेंदूला बाहेरून दाबते. मेनिंजिओमा हे नाव अमेरिकी न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग यांनी १९२२ मध्ये रूढ केलं. प्रौढांच्या मेंदूत आणि त्याच्या आवरणांत मुळातच उगवणाऱ्या गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त सापडते. अमेरिकेतल्या नोंदींत तिचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे. बायकांमध्ये ती पुरुषांच्या साधारण दुप्पट दिसते. रॉटरडॅममध्ये काही तक्रार नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा शंभरात जवळपास एकाच्या डोक्यात लहानसा मेनिंजिओमा निघाला. अशा कित्येक गाठी वर्षानुवर्षं गप्प राहतात.

पण सगळ्याच गप्प राहत नाहीत. अमेरिकी जनरल लिओनार्ड वुड यांच्या डोक्यातला मेनिंजिओमा कुशिंग यांनी १९१० मध्ये काढला. वुड बरे झाले, पुढे फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल झाले. गाठ मात्र हळूहळू परत वाढली आणि १९२७ मध्ये पुन्हा ऑपरेशन केल्यावर त्यांचा मृत्यू झाला. पहिल्या ऑपरेशननंतर सतरा वर्षांनी. ‘गाठ काढली’ आणि ‘गाठ संपली’ यांत अंतर असतं, ते किती असेल याचा अंदाज बांधण्यासाठी ग्रेड काढतात.

ग्रेड तीन आहेत. साधारण ८० टक्के गाठी ग्रेड १ असतात, १५ ते २० टक्के ग्रेड २, आणि ग्रेड ३ शंभरात एक ते तीन. ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे. स्टेज सांगते रोग कुठवर पसरलाय. मेनिंजिओमाला अशी स्टेज देतच नाहीत. ग्रेड सांगते गाठीचा स्वभाव कसा आहे, ती परत येण्याची शक्यता किती आहे. आणखी एक घोळ सर्रास होतो. डिस्चार्ज कार्डावर ‘सिम्पसन ग्रेड १’ किंवा ‘ग्रेड २’ लिहिलेलं असतं. तो आकडा सर्जनचा. डोनाल्ड सिम्पसन यांनी १९५७ मध्ये मांडलेली ती पद्धत गाठ किती संपूर्ण निघाली हे सांगते: चिकटलेल्या ड्युरासकट आणि बाधित हाडासकट काढली की १, ड्युरा फक्त जाळून घेतला की २, आणि पुढे ५ पर्यंत. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायचे असतात, एकमेकांच्या जागी नव्हे. पत्नीच्या कार्डावरचं ‘सिम्पसन २’ पाहून गाठ वाईट निघाली असं समजून रात्रभर जागलेला माणूस मला भेटलाय. रिपोर्टमध्ये गाठ ग्रेड १ होती.

काचपट्टीवर काय दिसतं

ग्रेड ठरवण्याची सुरुवात आजही साध्या सूक्ष्मदर्शकाखालीच होते. गाठीचे तुकडे फॉर्मालिनमध्ये येतात, प्रक्रिया होऊन मेणाच्या ठोकळ्यात बसवले जातात. या ठोकळ्याला सगळे ब्लॉक म्हणतात. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवले की स्लाइड तयार. ग्रेड १ च्या गाठीत पेशी एकमेकींभोवती गोल गोल गुंडाळलेल्या दिसतात, कांद्याच्या चकतीसारख्या. त्यांच्या मध्यभागी कधी कॅल्शियमचे बारीक गोळे असतात. केंद्रकं शांत, एकसारखी.

मग सुरू होते मोजणी, आणि ती खरोखर एकेक करून करावी लागते. पेशी दोन होण्याच्या क्षणी तिचं केंद्रक विरघळतं आणि गुणसूत्रं गडद पट्टीसारखी मधोमध जमतात किंवा दोन टोकांना ओढली जातात. याला मायटोसिस म्हणतात. सर्वांत मोठ्या भिंगाखाली, जिथे अशा पेशी जास्त दिसतात ती जागा शोधून, लागोपाठ दहा क्षेत्रं बघायची. एक क्षेत्र ०.१६ चौरस मिलिमीटर. दहा क्षेत्रांत मिळून ४ किंवा जास्त मायटोसिस सापडले तर ग्रेड २. २० किंवा जास्त सापडले तर ग्रेड ३. तीन सापडले तर, दुसरं काही नसल्यास, ग्रेड १.

तीन आणि चार यांतला हा फरक ऐकून लोक अस्वस्थ होतात आणि ते साहजिक आहे. मरून आकसलेली पेशीही गडद दिसते आणि घाईत मायटोसिस वाटू शकते. गाठ वेळेवर फॉर्मालिनमध्ये पडली नसेल तर चित्र धूसर होतं. दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचा आकडा एक-दोनने वेगळा येणं हे निष्काळजीपणाचं लक्षण नाही. म्हणूनच काठावरच्या गाठीत फॉस्फोहिस्टोन एच३ नावाच्या प्रथिनाचा डाग घेतात, म्हणजे ते प्रथिन स्लाइडवर रंगवून पाहतात. हे प्रथिन त्या रूपात मुख्यतः विभाजन चालू असतानाच दिसतं, त्यामुळे खरा मायटोसिस तपकिरी होऊन उठून दिसतो आणि मेलेली पेशी सहसा मागे राहते.

ग्रेड २ कडे नेणाऱ्या आणखी वाटा आहेत. गाठ मेंदूत घुसलेली असणं, ही एक; २०१६ पासून तेवढ्या एका कारणावर ग्रेड २ देता येते. हे ओळखायचं तर गाठ आणि मेंदू यांची सीमा स्लाइडवर यायला हवी. सर्जनने तो भाग वेगळा पाठवला नाही, किंवा गाठ यंत्राने शोषून भुगा होऊन आली, तर पॅथॉलॉजिस्टला दिसणार काय? सीमेचा भाग आला असेल तर जीएफएपी हे प्रथिन मदतीला येतं. ते मेंदूच्या आधारपेशींत असतं, मेनिंजिओमात नसतं. गाठीच्या मधोमध जीएफएपीची तपकिरी बेटं दिसली की समजायचं, गाठीने मेंदूचे लचके आपल्यात घेतलेत.

दुसरी वाट पाच खुणांची: पेशींची दाटी, छोट्या पेशी आणि त्यामानाने मोठी केंद्रकं, केंद्रकात ठळक ठिपका, गुंडाळ्या मोडून पेशींचे सलग पसारे, आणि आपोआप मेलेला भाग. पाचपैकी तीन असल्या तर ग्रेड २. यातला ‘आपोआप’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ऑपरेशनआधी गाठीचा रक्तपुरवठा बंद केला असेल, म्हणजे एम्बोलायझेशन केलं असेल, तर गाठीचा भाग मरणारच, आणि त्याच्या कडेने विभाजनही वाढलेलं दिसू शकतं. ही माहिती पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर लिहिलेली नसली तर गाठ आहे त्यापेक्षा वाईट वाटू शकते. त्याशिवाय कॉर्डॉइड आणि क्लिअर सेल हे दोन प्रकार मुळातच ग्रेड २ धरले जातात.

पहिला प्रश्न: ही गाठ कोणाची?

प्रथिनांची तपासणी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, लॅबच्या बोलीत आयएचसी. एखाद्या ठरावीक प्रथिनालाच चिकटणारं प्रतिपिंड स्लाइडवर सोडतात. ते जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटतो, बाकीच्या पेशी निळसर राहतात. पॉझिटिव्ह म्हणजे ‘ते प्रथिन इथे आहे’, इतकंच. चांगलं की वाईट हे त्या प्रथिनावर अवलंबून.

ईएमए आणि एसएसटीआर२ए ही ओळख पटवणारी प्रथिनं. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे गाठ अरॅक्नॉइडच्या पेशींची आहे याला दुजोरा मिळाला. त्यात भिण्यासारखं काही नाही. एसएसटीआर२ए दोघांत जास्त भरवशाचं; ईएमए अनेकदा फिकट, तुटक येतं. एसएसटीआर२ए हा सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचा ग्राहक (रिसेप्टर) असल्यामुळे त्याचा आणखी एक उपयोग होतो: डोटाटेट पेट स्कॅनमध्ये याच ग्राहकाला किरणोत्सारी कण चिकटवून उरलेली गाठ आणि ऑपरेशनचा व्रण यांतला फरक ओळखता येतो.

ओळख पटवणं इतकं गरजेचं का? कारण ड्युराला चिकटून बसणाऱ्या इतरही गाठी असतात. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर ही त्यातली एक, एमआरआयवर मेनिंजिओमासारखीच दिसणारी. तिथे एसटीएटी६ हे प्रथिन केंद्रकात पॉझिटिव्ह येतं, मेनिंजिओमात येत नाही. स्तनाच्या कॅन्सरची गाठही ड्युरावर बसू शकते, आणि तिथे पीआर, म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक, मेनिंजिओमासारखाच पॉझिटिव्ह असू शकतो. म्हणून आधी स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईच्या डोक्यातली गाठ निव्वळ पीआरवर ओळखायला जाणं धोक्याचं आहे.

पीआरचा दुसरा अर्थ स्वभावाविषयी आहे. ग्रेड १ च्या बहुतेक गाठींत पीआर असतो, वरच्या ग्रेडमध्ये तो कमी होत जातो. पण पीआर निगेटिव्ह आला म्हणून ग्रेड वाढत नाही. निकषांत तो नाहीच. प्रोजेस्टेरॉनशी असलेलं हे नातं गरोदरपणात गाठ कधी कधी भराभर वाढते त्यातही दिसतं, आणि औषधांतही. सायप्रोटेरॉन या प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणाऱ्या औषधाच्या मोठ्या, दीर्घकालीन डोसांवर युरोपीय औषध नियामकांनी २०२० मध्ये याच कारणाने निर्बंध आणले. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात, मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्या बायकांमध्ये ऑपरेशन लागण्याइतक्या मेनिंजिओमाचा धोका साडेपाच पट दिसला. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ नावाने मिळतं ते पाळणा लांबवण्याचं इंजेक्शन याच औषधाचं. मुळातला धोका फार लहान असल्यामुळे साडेपाच पट होऊनही तो लहानच राहतो, म्हणून घाबरून मनानेच इंजेक्शन थांबवू नये. पण जिला मेनिंजिओमा आहे किंवा होता, तिने हे स्त्रीरोगतज्ज्ञांना न चुकता सांगावं.

दुसरा प्रश्न: किती पेशी कामाला लागल्यात?

रिपोर्टमध्ये सर्वांत जास्त घाबरवणारा आकडा केआय-६७ चा. हे प्रतिपिंड जर्मनीतल्या कील शहरात तयार झालं आणि १९८३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. नावातलं ‘केआय’ त्या शहरावरून आणि ६७ हा प्रयोगाच्या थाळीतल्या खळग्याचा क्रमांक. विश्रांती घेणाऱ्या पेशीत हे प्रथिन नसतं. विभाजनाच्या चक्रात शिरलेल्या पेशीत ते असतं. म्हणजे मायटोसिस मोजताना आपण प्रत्यक्ष दोन होत असलेल्या पेशी मोजतो, आणि केआय-६७ मध्ये त्या तयारीत असलेल्याही धरतो. नऊ टक्के याचा अर्थ, मोजलेल्या शंभर पेशींपैकी नऊ त्या चक्रात होत्या.

साधारणपणे ४ टक्क्यांच्या पुढे गेलं की गाठ परतण्याची शक्यता वाढलेली दिसते. असं असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रेडच्या निकषांत केआय-६७ नाही. कारण हा आकडा लॅबनुसार हलतो. डाग किती गडद आला, गाठीचा कुठला भाग मोजला, सर्वांत दाट जागा घेतली की सगळीकडची सरासरी काढली, नजरेने अंदाज घेतला की संगणकावर मोजलं, या प्रत्येक गोष्टीने तो बदलतो. त्यामुळे ‘ग्रेड १, केआय-६७ सात टक्के’ असा रिपोर्ट चुकीचा नसतो. त्याचा अर्थ असा की निकषांनुसार ग्रेड १ आहे, पण ही गाठ जरा जवळून पाहा: मायटोसिस पुन्हा मोजा, एमआरआय लवकर लवकर करा. आधीच्या लॅबमध्ये सहा आणि नंतरच्या लॅबमध्ये नऊ आले म्हणून गाठ वाढली असं मात्र मुळीच म्हणता येत नाही.

तिसरा प्रश्न: काय हरवलंय?

काही प्रथिनांच्या बाबतीत ‘आहे’ ही चांगली बातमी असते आणि ‘गेलंय’ ही वाईट. रिपोर्टमध्ये ‘रिटेन्ड’ म्हणजे टिकून आहे, ‘लॉस’ म्हणजे हरवलंय.

एच३के२७एमई३ हे लांबलचक नाव म्हणजे डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यावरची एक रासायनिक खूण. काही जनुकं बंद ठेवण्याचं काम ती करते. थोड्याच मेनिंजिओमांत ती पुसली जाते, पण पुसली गेली की गाठ लवकर परतण्याकडे कल दिसतो, विशेषतः ग्रेड २ मध्ये. ही स्लाइड वाचताना पॅथॉलॉजिस्ट आधी गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी बघतो. त्या निरोगी असतात, म्हणून तपकिरी दिसायलाच हव्यात. त्या तपकिरी आणि गाठीच्या पेशी कोऱ्या, तर खरोखर लॉस. दोन्ही कोरे असतील तर डागच नीट उमटलेला नाही; तपासणी पुन्हा करायची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणाने खरा बदल केला तो इथे. नवव्या गुणसूत्रावरचा सीडीकेएन२ए/बी हा भाग दोन्ही प्रतींतून गेला असेल, किंवा टीईआरटी जनुकाच्या चालू-बंद करणाऱ्या भागात ठरावीक बदल असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कितीही सौम्य दिसो, ग्रेड ३. सीडीकेएन२ए पी१६ हे प्रथिन बनवतं, आणि पी१६ पेशीला विभाजनापासून थांबवतं. म्हणून पी१६ चा डाग लावून अंदाज घेतात, पण मेनिंजिओमात तो डाग पुरेसा भरवशाचा नाही. त्याच्या शेजारच्या जनुकाचं एमटीएपी हे प्रथिन बऱ्याचदा त्याच्यासोबतच जातं आणि ते वाचायला सोपं पडतं. शेवटचा शब्द जनुकीय चाचणीचाच. प्रत्येक गाठीला ही चाचणी लागत नाही. काठावरची गाठ, वरची ग्रेड, किंवा लवकर परतलेली गाठ असेल तर तिचा खर्च करण्याला अर्थ आहे.

याच वर्गीकरणाने एक गोष्ट उलट दिशेनेही केली. पॅपिलरी आणि ऱ्हॅब्डॉइड ठेवणीच्या गाठी पूर्वी नुसत्या दिसण्यावरून ग्रेड ३ ठरत. आता तसं नाही. बाकीचे निकष लावून बघावं लागतं. तिथे बीएपी१ हे प्रथिन तपासणं मोलाचं ठरतं. ते हरवलं असेल तर गाठ आक्रमक असू शकते, आणि घराण्यात डोळ्यातला मेलॅनोमा किंवा मूत्रपिंडाचा कॅन्सर होता का, हे विचारावं लागतं, कारण बीएपी१ चा दोष पिढीजातही असतो.

पुढची पायरी गुणसूत्रांची आहे. निम्म्याच्या आसपास मेनिंजिओमांत २२ व्या गुणसूत्रावरचं एनएफ२ जनुक बिघडलेलं असतं. ते मर्लिन नावाचं प्रथिन बनवतं. नुसतं ते बिघडल्याने गाठ वाईट ठरत नाही. पण त्याच्या जोडीला पहिल्या गुणसूत्राचा आखूड हात गेला असेल तर तशा गाठीला ग्रेड २ द्यावी, अशी शिफारस तज्ज्ञांच्या सी-इम्पॅक्ट-नाऊ या गटाने अलीकडे केली आहे. २०१७ मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी डीएनएवरच्या मेथिलेशनच्या (रासायनिक खुणांच्या) ठेवणीवरून मेनिंजिओमांचे सहा गट पाडले, आणि कोणती गाठ परतेल याचा अंदाज त्यातून निव्वळ सूक्ष्मदर्शकापेक्षा चांगला आला. माझं मत असं की येत्या काळात ‘ग्रेड’ आणि ‘रेणूंचा प्रकार’ या दोन ओळी प्रत्येक रिपोर्टमध्ये शेजारी शेजारी दिसतील. आज मोजक्या केंद्रांतच ते शक्य आहे.

मग ग्रेडवरून काय ठरतं? ग्रेड १ आणि गाठ पूर्ण निघालेली, तर सहसा फक्त ठरावीक अंतराने एमआरआय. ग्रेड ३ असेल तर रेडिएशन द्यावंच लागतं. ग्रेड २ मध्ये, गाठ पूर्ण निघालेली असताना, लगेच रेडिएशन द्यायचं की लक्ष ठेवून थांबायचं यावर तज्ज्ञांत अजून चर्चा आहे. वर सांगितलेली सगळी प्रथिनं खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात ती याच निर्णयात. आणि जागा विसरून चालणार नाही. डोळ्याच्या नसेला किंवा कॅव्हर्नस सायनसला (डोळ्यांमागची शिरांची पोकळी) वेढून बसलेली ग्रेड १ ची गाठ, कवटीच्या वरच्या भागातल्या सहज निघणाऱ्या ग्रेड २ पेक्षा जास्त त्रास देऊ शकते.

घरच्यांनी एक काम जरूर करावं. रिपोर्टबरोबर स्लाइड आणि ब्लॉक कुठे आहेत ते विचारून ठेवावं आणि त्यांचा क्रमांक जपून ठेवावा. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरं मत घ्यायला गेलात तर तिथे कागदाआधी ब्लॉक मागतात, कारण नवे डाग आणि जनुकीय चाचण्या त्यावरच होतात. काही वर्षांनी गाठ परत आली तर तिची ग्रेड नव्याने ठरते, पहिली ग्रेड आपोआप पुढे चालू राहत नाही. आणि तेव्हा जुना ब्लॉक हाताशी असेल, तर गाठ मुळातच तशी होती की मधल्या काळात बदलली, हे दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून पाहता येतं.